दोष लोभाचा नव्हे

ऑनलाइन सर्वेक्षणे भरून घरबसल्या पैसे कमवा, या जाहिरातीपायी कुणी पैसे गमावले की त्याची बातमी ठरलेल्या साच्यात येते. आमिष दाखवले, बळी पडला, अमुक लाखांचा गंडा. तिच्याखालचा उपदेशही ठरलेला असतो: झटपट पैशाचा मोह टाळा. मग घरात, कट्ट्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा होते आणि ‘लोभ नडला’ या दोन शब्दांत निकाल लागतो. हा निकाल मला मान्य नाही. तो निर्दय आहे, ही त्याविरुद्धची माझी मुख्य तक्रार नव्हे. तो वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्यातून निघणारा उपाय फसवणूक थांबवत नाही, उलट फसवणाऱ्याला मदत करतो, ही माझी तक्रार आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो. तो म्हणतो: कष्टाविना पैसा मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. व्हिडिओला लाइक करण्याचे पन्नास रुपये कुणी का देईल, चार प्रश्नांची उत्तरे दिल्याबद्दल पाचशे का देईल, असा प्रश्न ज्याला पडत नाही त्याची बुद्धी हावेने झाकलेली असते. पुरावा म्हणून ‘स्पीक एशिया ऑनलाइन’चे प्रकरण पुढे केले जाते. सिंगापूरचे नाव सांगणारी ही कंपनी २०१० मध्ये भारतात आली. वर्षाचे ११,००० रुपये भरा, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरा, प्रत्येकाचे ५०० रुपये घ्या, असा तिचा प्रस्ताव होता. म्हणजे ११ हजार टाकून वर्षात ५२ हजार. शिवाय नवा सदस्य आणला की वेगळा लाभ. मे २०११ मध्ये प्रश्न उपस्थित झाले, ज्यांच्यासाठी ही सर्वेक्षणे होतात असे सांगितले जात होते त्या नामांकित कंपन्यांनी संबंध नाकारला, आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. सदस्यांची संख्या सुमारे २४ लाख आणि गुंतलेली रक्कम २,२७६ कोटी रुपये असल्याचे तपासयंत्रणेने सांगितले. पूर्वपक्ष विचारतो: हा लोभ नाही तर काय?

या प्रश्नाला बगल देणार नाही. पण एखाद्या निदानाची परीक्षा त्याच्या सर्वांत सोयीच्या उदाहरणावर होत नसते. आपल्याकडच्या तर्कशास्त्राने लक्षण तपासण्याच्या कसोट्या घालून दिल्या आहेत. जिथे लागू पडायला हवे तिथे पडत नसेल तर अव्याप्ती, जिथे पडायला नको तिथे पडत असेल तर अतिव्याप्ती. लोभाच्या निदानात हे दोन्ही दोष आहेत.

अतिव्याप्तीपासून सुरुवात करू. घरी बसून काम करावे आणि त्याचे पैसे मिळावेत, ही इच्छा महाराष्ट्राला नवी नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभा राहिला. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून परत आणायचे, वजनावर मजुरी घ्यायची. सोलापुरात स्त्रियांच्या अनेक पिढ्यांनी पान आणि तंबाखू घरी आणून हजारावर विड्या वळल्या. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने अशा घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून ओळखले. यातल्या एकाही बाईला कुणी लोभी म्हटले नाही. आज तिची नात मोबाइलवर तसेच काम शोधते. लहान मूल आहे, सासूचे दुखणे आहे, किंवा पदवी हातात असून नोकरी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा या टोळ्यांचे लक्ष्य कोण हेही सांगितले: निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण. रिकामा वेळ, तुटपुंजे उत्पन्न आणि काम करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी असलेली ही माणसे. त्यांना फुकटचे काही नको असते, मजुरी हवी असते. मजुरीच्या अपेक्षेला लोभ म्हणायचे ठरवले तर जगातला प्रत्येक कामगार लोभी ठरेल.

आता अव्याप्ती. फसवणूक आहे पण लोभाचा मागमूस नाही, अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. ‘डेटा एन्ट्री’ किंवा फॉर्म भरण्याच्या कामाचा एक प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. नोंदणी फुकट असते, मोबदला माफक असतो, एक करारपत्र ऑनलाइन सही करून घेतले जाते. काम पूर्ण झाले की अचूकता ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी भरली असे कळवतात. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: करारभंग झाला, नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात खेचू. काम करणारी पोरगी घाबरून पाच-दहा हजार भरते. या व्यवहारात तिला एक छदामही मिळालेला नाही आणि पैसे देताना मिळकतीची आशाही नाही. तिने पैसे दिले ते भीतीने, अब्रूच्या धाकाने. लोभाचे निदान इथे काय सांगणार?

‘टास्क’ची फसवणूक या सगळ्यांत मोठी, आणि तिच्या पायऱ्या पाहिल्या की निदान पूर्णच ढासळते. व्हॉट्सॲपवर कुणी ‘एचआर’ म्हणून संदेश पाठवते. काम सोपे: व्हिडिओला लाइक करा, एखाद्या हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, दोन-चार प्रश्नांची उत्तरे द्या. सावध माणूस विचार करतो, बघू तरी, आपले काय जाते? पैसे तर मागत नाहीत. तो काम करतो आणि दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. मग टेलिग्रामच्या गटात घेतात. तिथे इतर ‘सदस्य’ पैसे जमा झाल्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात; ते टोळीचेच असतात. मग पहिले ‘प्रीपेड टास्क’ येते: हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे परत येतात. पुढे पाच हजार, आणि तिथे गाडी अडते. तुमच्या हातून चूक झाली, त्यामुळे गटातल्या बाकीच्यांचे पैसेही अडकले, ते सोडवायचे तर तीस हजार भरा. संकेतस्थळावरच्या ‘वॉलेट’मध्ये दोन लाख दिसतात, पण काढायचे तर आधी कर भरा, मग सुरक्षा ठेव भरा, मग ‘क्रेडिट स्कोअर’ वाढवण्यासाठी भरा.

या साखळीत माणूस नेमका कुठे फसला? पहिल्या पायरीवर तो सावध होता. ‘आधी थोडे करून बघू, मग विश्वास ठेवू’ हा आपण पिढ्यान्‌पिढ्या दिलेला शहाणपणाचा सल्ला त्याने पाळला. ते पहिले दोनशे रुपये टोळीने त्याच सल्ल्यावर मात करण्यासाठी खर्च केले. स्टॅनफर्डच्या जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये प्रयोगाने दाखवले होते की आधी लहानशी विनंती मान्य केलेला माणूस नंतर बरीच मोठी विनंती मान्य करण्याची शक्यता वाढते. आणि शेवटच्या पायऱ्यांवर, जिथे खरी मोठी रक्कम जाते, तिथे तर मिळकतीचा विचारही उरलेला नसतो. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला जास्त जाणवते, आणि तोटा टाळण्यासाठी तो एरवी घेणार नाही अशी जोखीम घेतो. तीस हजार, ऐंशी हजार, दोन लाख हे हप्ते अडकलेले पैसे सोडवण्यासाठी भरले जातात. पहिल्या पायरीवर सावधपणा आणि शेवटच्या पायरीवर धास्ती. मधल्या एखाद्या पायरीवर थोडा मोह असेलही. पण सबंध इमारत त्या एका विटेवर उभी असल्याचे सांगणे ही आळशी मीमांसा आहे.

कार्यकारणभावाचीही एक साधी कसोटी आहे. कारण तेवढेच राहिले आणि कार्य मात्र अफाट वाढले, तर खरे कारण दुसरे कुठेतरी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अशा टास्क-फसवणुकीच्या तक्रारी २०२० मध्ये नव्हत्याच. २०२३ मध्ये त्या सुमारे ५,००० झाल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,००० वर गेल्या. चार वर्षांत मनुष्यजातीचा लोभ इतका वाढला का? लोभ होता तिथेच आहे. वाढली ती फसवणुकीची उद्योगव्यवस्था: स्वस्त संदेशयंत्रणा, क्षणात पैसे हलवण्याची सोय, कमिशनवर भाड्याने घेतलेली बँक खाती, आणि आग्नेय आशियातल्या बंदिस्त वसाहती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना ऑनलाइन फसवणूक करायला जबरदस्तीने जुंपले आहे. यातल्या बहुतेकांना चांगल्या नोकरीचे आश्वासन देऊन तिथे नेले होते, त्यांत भारतीय तरुणही आहेत. म्हणजे संदेश पाठवणारा आणि संदेश घेणारा, दोघेही कामाच्या शोधात निघालेले. दोघांच्या मधे बसलेल्या संघटित गुन्हेगारीकडे बोट न दाखवता आपण त्या दोघांपैकी एकाच्या स्वभावाची चिकित्सा करत बसतो.

आता ‘स्पीक एशिया’कडे परत येतो, कारण पूर्वपक्षाचा बालेकिल्ला तोच आहे. अकरा हजारांचे बावन्न हजार होतील हा हिशेब अशक्य होता, आणि तो तपासायला हवा होता, हे मी मान्य करतो. पण त्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट पूर्वपक्ष सांगत नाही. कंपनीवर कारवाई सुरू झाल्यावर अनेक सदस्य कंपनीच्या बाजूने उभे राहिले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मागणी काय, तर आम्ही भरलेल्या सर्वेक्षणांचा मोबदला द्या. न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांना मध्यस्थ नेमले. जुगारात हरलेला माणूस थकलेली मजुरी मागायला न्यायालयात जात नाही. या लोकांची खरोखर समजूत होती की आपण दर आठवड्याला काम केले आहे. त्या साखळी योजनेला कामाचा वेष चढवला होता, आणि म्हणूनच ज्यांनी आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीट काढले नसते तेही तीत आले. १९७८ पासून पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा या देशात आहे. त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांना प्रश्न विचारणे सोडून आपण २४ लाख माणसांच्या लोभाबद्दल बोलत राहिलो.

याच्या उलट टोकाचेही एक मत आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. ते म्हणते, सगळी ऑनलाइन सर्वेक्षणे खोटी, त्या वाटेला जाऊच नका. हेही खरे नाही, आणि खोटा इशारा पहिल्याच अनुभवाला मोडतो. खात्यात दोनशे रुपये आले की ऐकणारा म्हणतो, सांगणाऱ्याला काही माहीत नव्हते. त्यामुळे खरे सर्वेक्षण कसे चालते हे लोकांना समजावून सांगणे हाच त्यावरचा इलाज.

एखाद्या चहाच्या कंपनीला जाणून घ्यायचे असते की निमशहरी भागातले पंचविशी ते चाळिशीतले गिऱ्हाईक पाकीट कशावरून निवडते. ती संशोधन संस्थेला काम देते, संस्था उत्तर देणाऱ्यांच्या नोंदणीकृत गटाकडे, म्हणजे पॅनेलकडे जाते, आणि पॅनेल तुम्हाला ईमेल पाठवते. सुरुवातीला गाळणीचे प्रश्न असतात: वय, गाव, घरात चहा कोण आणते. त्यात तुम्ही बसत नसाल, किंवा तुमच्यासारख्यांचा कोटा भरला असेल, तर तिथेच बाहेर. दहा मिनिटे घालवून काहीच हाती न लागण्याचे प्रसंग वारंवार येतात. पूर्ण भरले तर थोडे गुण जमा होतात आणि ठरावीक मर्यादा गाठली की व्हाउचर किंवा पैसे मिळतात. ‘गूगल ओपिनियन रिवॉर्ड्‌स’ अँड्रॉइडवर प्ले स्टोअरची शिल्लक देते, तीही थोड्या रुपयांची. मोबदला इतका कमी का, याचे कारण व्यवहारात आहे: कंपनीला एका माणसाच्या उत्तराची किंमत जवळजवळ नसते, हजार उत्तरांच्या बेरजेची असते, आणि ते पैसे हजारांत वाटले जातात. म्हणून एका प्रश्नावलीला पाचशे रुपये हा दर सर्वसामान्य सर्वेक्षणात बसूच शकत नाही.

ॲमेझॉनचे ‘मेकॅनिकल टर्क’ हे अशा लहान लहान कामांचे मोठे व्यासपीठ. त्यावरच्या २,६७६ कामगारांनी केलेल्या ३८ लाख कामांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताशी कमाईचा मध्यक सुमारे २ डॉलर निघाला; ताशी ७.२५ डॉलर या अमेरिकी किमान वेतनापेक्षा जास्त मिळवणारे फक्त ४ टक्के होते. खऱ्या कामाचे हे आकडे आहेत. महिन्याच्या मोबाइल बिलाला हातभार लागेल, घरभाडे निघणार नाही. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याने मोकळ्या वेळात सर्वेक्षणे जरूर भरावीत. त्यात कमीपणा काहीच नाही.

तेव्हा सिद्धान्त असा. फसवणूक ओळखण्याची कसोटी आपल्या मनातल्या लोभात शोधायची नाही. ती पैशाच्या दिशेत शोधायची. कामाचा पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे वाहतो. ज्या क्षणी तो उलटा वाहू लागेल, मग त्याला नोंदणी शुल्क म्हणा, ठेव म्हणा, कर म्हणा, प्रशिक्षण म्हणा, वकिलाची नोटीस म्हणा, त्या क्षणी ते काम उरलेले नाही. आधी कितीही वेळा पैसे मिळाले असले तरीही. ‘लोभ धरू नका’ या उपदेशापेक्षा हा नियम वरचढ आहे, कारण आपण लोभी आहोत असे कुणालाच वाटत नाही, पण आपण पैसे पाठवतो आहोत हे प्रत्येकाला दिसते.

याला तीन उपनियम जोडतो. पहिला: खऱ्या सर्वेक्षणाला तुमचे मत हवे असते. न राहिलेल्या हॉटेलला पाच तारे द्या म्हणणाऱ्याला तुमच्या मताशी देणेघेणे नाही. तो तुमच्याकडून दुसऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक करून घेतो आहे. दुसरा: खऱ्या पॅनेलला तुमचे वय, व्यवसाय, खरेदीच्या सवयी लागतात, ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा क्रमांक कधीही लागत नाही. पैसे स्वीकारायला पिन टाकावा लागतच नाही. तिसरा: पैसे दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगत असतील तर ती भाड्याची खाती आहेत, आणि तुमचेच खाते कमिशनवर मागत असतील तर उद्या गुन्ह्यात तुमचेही नाव येईल. संशोधन संस्था खरी आहे का हे पाहायचे तर ‘मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया’ किंवा ‘एसोमार’ या व्यावसायिक संघटनांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सदस्यांची नावे शोधावीत. समोरच्याने पाठवलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. वेगळा ईमेल वापरावा, पैसे काढण्याची मर्यादा गाठली की लगेच काढावेत, आणि ताशी किती सुटले याचा हिशेब ठेवावा. तो परवडत नसेल तर सोडून द्यावे.

पूर्वपक्षाचा शेवटचा आक्षेप असा येईल: लोभाचे निदान चुकीचे असेलही, पण त्याने बिघडते काय? लोक निदान घाबरून तरी राहतील. बिघडते ते हेच. ज्याला लोभी ठरवले जाते तो गप्प बसतो. नवऱ्याला सांगत नाही, आईवडिलांना सांगत नाही, पोलिसांत जात नाही. ‘१९३०’ या मदतवाहिनीमागे २०२१ मध्ये उभारलेली यंत्रणा तक्रार येताच संबंधित बँकांना कळवते आणि रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखायचा प्रयत्न करते. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. लाजेने घालवलेले दोन दिवस म्हणजे टोळीला दिलेली मोकळीक. लोभाचा शिक्का मारणारा समाज नकळत हीच मोकळीक देत असतो.

धोरणावरही याचा परिणाम होतो. ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. त्यानुसार, त्रयस्थाने केलेला घोटाळा तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडणार नव्हता. पण टास्कमध्ये फसलेल्याने पैसे ‘स्वतःहून’ पाठवलेले असतात, त्याला त्या परिपत्रकाने हे संरक्षण दिले नाही. ब्रिटनने वेगळी वाट धरली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेल्या पैशांचीही ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई बँकांना द्यावी लागते, आणि तो भार पाठवणारी व स्वीकारणारी बँक निम्मा-निम्मा उचलते. घोर निष्काळजीपणाचा अपवाद आहे. लोभाचा प्रश्न मात्र तो कायदा विचारत नाही. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते कुणी उघडू दिले, हे तो विचारतो. आपणही तेच विचारायला हवे.

घरातले कुणी ‘माझे पैसे गेले’ म्हणाले, तर ‘इतका मोह कशाला’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आधी १९३० ला फोन लावून द्या, बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा. रक्कम लहान असली तरी तक्रार करा, कारण तेच खाते आणखी कुणाचे तरी पैसे गिळत असते. काम मागणे हा गुन्हा नाही. कामाच्या नावाने पैसे लुटणे हा गुन्हा आहे, आणि आपला सगळा राग त्या गुन्ह्यासाठीच राखून ठेवायला हवा.